दोन संपादक, एक कोश आणि शेवटचं प्रूफ

नोव्हेंबर १७५७ मध्ये पॅरिसला आंसिक्लोपेदी नावाच्या फ्रेंच ज्ञानकोशाचा सातवा खंड बाहेर पडला, आणि त्यातल्या 'जिनिव्हा' या एका नोंदीवरून असा गदारोळ उठला की दहा वर्षं एकत्र काम केलेल्या दोन संपादकांपैकी एकाने नवीन वर्ष उजाडता उजाडता हात वर केले. संपादक म्हणजे दनी दिदेरो आणि झां दालांबेर. गेला तो दालांबेर. राहिला तो दिदेरो, आणि त्याने पुढची दहा जाड खंडांची मोट एकट्याने ओढली. एकट्याने म्हणजे तसं अगदी एकट्याने नाही, त्यावर पुढे येतेच.

हे प्रकरण एरवी चर्च विरुद्ध विचारवंत, राजसत्ता विरुद्ध लेखणी अशा थाटात सांगितलं जातं. ते खोटं नाही. पण मी ते संपादनाचं प्रकरण म्हणून वाचते, कारण दिवाळी अंक असो, एखाद्या संस्थेचं त्रैमासिक असो की कोणाच्या पंचाहत्तरीचा गौरवग्रंथ, दोघांनी मिळून संपादन करायचं ठरलं की जी दुखणी निघतात ती जवळजवळ सगळी इथे सापडतात. आणि माझं मत थोडं वेगळं आहे. लोक दोघांच्या मैत्रीकडे बघतात, कोण पळाला आणि कोण टिकला ते बघतात, त्यावर तावातावाने बोलतात. पण या कोशाचं सगळ्यात मोठं नुकसान त्या भांडणाने झालं नाही, ते तिसऱ्याच माणसाने केलं, आणि ते त्याला जमलं कारण शेवटचं प्रूफ कोणाच्या हातून मशीनवर जातं याकडे दोघांपैकी कोणीच कधी लक्ष दिलेलं नव्हतं.

दोघे आले कुठून

मुळात हा कोश म्हणजे कोणाला पडलेलं थोर स्वप्न वगैरे नव्हतं, साधा धंदा होता. लंडनला १७२८ मध्ये इफ्रेम चेंबर्सने दोन खंडांचा सायक्लोपीडिया काढलेला, तो चांगला चालला होता, आणि पॅरिसच्या आंद्रे ल ब्रताँ या मुद्रक-प्रकाशकाला वाटलं की याचं फ्रेंच भाषांतर काढलं तर चार पैसे मिळतील. १७४५ मध्ये जॉन मिल्स नावाच्या इंग्रजाबरोबर सुरुवात झाली, पण पैशांवरून असं फाटलं की ल ब्रताँने त्याला काठीने बडवलं आणि मामला कोर्टात गेला. मग ल ब्रताँने आणखी तीन प्रकाशक भागीदार घेतले आणि १७४६ मध्ये गुआ द माल्व्ह नावाच्या गणिती धर्मगुरूला संपादक नेमलं. त्या करारावर साक्षीदार म्हणून ज्यांच्या सह्या आहेत ते दोघे म्हणजे दिदेरो आणि दालांबेर! वर्षभरात गुआचंही बिनसलं आणि १६ ऑक्टोबर १७४७ ला साक्षीदारच संपादक झाले.

दिदेरो तेव्हा ३४ वर्षांचा, लांग्र गावच्या चाकू-सुऱ्या बनवणाऱ्या कारागिराचा मुलगा, इंग्रजीतून भाषांतरं करून घर चालवणारा. ना नोकरी ना पद. दालांबेर त्याच्याहून चार वर्षांनी लहान पण सहा वर्षांपासून विज्ञान अकादमीचा सभासद, युरोपभर नाव असलेला गणिती. त्याची स्वतःची कहाणीही विलक्षण आहे, जन्मतःच त्याला एका चर्चच्या पायरीवर सोडून दिलेलं, एका काचकाम करणाऱ्याच्या बायकोने वाढवलं, आणि एवढा मोठा झाल्यावरही हा गडी १७६५ पर्यंत त्या माऊलीच्याच घरी राहत होता.

प्रकाशकांचा हिशेब मला तरी स्पष्ट दिसतो. त्यांना एक राबणारा हवा होता आणि एक नाव असलेला. मानधनातही ते दिसतं, दिदेरोला ७,२०० लिव्हर (तेव्हाचं फ्रेंच चलन) ठरले आणि दालांबेरला त्याच्या निम्म्याहून कमी. म्हणजे काम कोण करणार हे पहिल्या दिवसापासून कागदावर होतं. आपल्याकडे अंकाच्या पहिल्या पानावर दोन नावं शेजारी शेजारी, सारख्या टायपात छापतात आणि मग मनात म्हणत राहतात की काम तर मीच केलं, त्यापेक्षा हे कितीतरी प्रामाणिक. कोशाच्या शीर्षकपानावरही तसंच होतं. मांडणी आणि प्रकाशन दिदेरोचं, आणि गणिताच्या भागापुरतं दालांबेरचं, असं सरळ छापलेलं. जून १७५१ मध्ये पहिला खंड आला तो याच पाटीसकट.

वाटणी कशी होती

कागदावर एक आणि प्रत्यक्षात दुसरं, हे मात्र त्यांच्याकडेही होतंच. नुसता गणिताचा संपादक म्हणावं तर सबंध कोशाची प्रस्तावना, जिने पहिल्याच खंडाला मोठं नाव मिळवून दिलं, ती दालांबेरने लिहिलेली आहे. तिसऱ्या खंडाचं निवेदनही त्याचंच. दिदेरोकडे बाकी सगळं, म्हणजे लेखक शोधणे, त्यांच्या मागे लागणे, आलेला मजकूर तपासणे, राहिलेल्या नोंदी स्वतः लिहिणे, शिवाय कारागिरांच्या धंद्यांवरच्या नोंदी. मोजे विणायच्या यंत्रावरची त्याची नोंद आजही वाचण्यासारखी आहे, यंत्र समोर ठेवून लिहिल्यासारखी.

सह्यांची पद्धत तर मला फार आवडते. प्रत्येक लेखकाला एक अक्षर दिलेलं आणि नोंदीच्या शेवटी ते अक्षर छापायचं. दालांबेरचं ओ, रूसोचं एस (हो, तोच विचारवंत रूसो, संगीतावरच्या नोंदी त्याच्याकडे होत्या). दिदेरो संपादक म्हणून जिथे स्वतः मजकूर घालेल त्या नोंदीच्या सुरुवातीला चांदणी. चिन्हच नसेल ती नोंदही बहुधा त्याचीच. त्यामुळे वाचकाला कळायचं की हे कोणाचं मत आहे, आणि उद्या काही झालं तर जबाबदारी कोणाची. जिथे संपादकांची मतं वेगळी असतात तिथे याहून सोपा उपाय नाही, सहीसकट छापा आणि मोकळे व्हा.

पण यात एक भोक होतं. लेखक म्हणून कोण काय लिहितो ते चिन्हांवरून कळत होतं, संपादक म्हणून कोण काय पास करतो ते कळायची सोय नव्हती. एका संपादकाने लिहिलेली नोंद दुसऱ्याने वाचून, नको म्हणून थांबवायची का? तो हक्क त्याला आहे का? शीर्षकपान म्हणतं तुझी हद्द गणित. मग गणिताच्या संपादकाने धर्म आणि नाटक यांवर लिहिलेलं कोणी तपासायचं? सामाईक विहिरीसारखं होतं ते, पाणी भरपूर आहे तोवर कोणाची पाळी कधी हे कोणी विचारत नाही.

पहिले दणके

पहिला खंड निघायच्या आधीच, जुलै १७४९ मध्ये, दिदेरोला अटक झाली. कारण कोश नव्हता, त्याचं अंधांवरचं एक छोटं पुस्तक होतं ज्यात देवाच्या अस्तित्वाबद्दल नको ते प्रश्न विचारलेले. व्हँसेनच्या किल्ल्यात नोव्हेंबरपर्यंत कैद. प्रकाशकांनी सरकारकडे अर्जावर अर्ज केले की आमचा सगळा पैसा या माणसावर अडकलाय, त्याला सोडा. दालांबेर असूनही काम पुढे सरकत नव्हतं हे यातून कळतंच.

इथे मला हटकून टिळक-आगरकर आठवतात. १८८२ च्या कोल्हापूर प्रकरणात केसरीचे आगरकर आणि मराठाचे टिळक दोघेही डोंगरीच्या तुरुंगात गेले आणि १०१ दिवसांनी बरोबरच बाहेर आले. दिदेरोची कैदही जवळजवळ तेवढीच होती, पण ती त्याने एकट्याने भोगली. आता दोघांनी बरोबर तुरुंग भोगला म्हणून भागीदारी टिकते असं काही नाही, आगरकर १८८७ मध्ये केसरीतून बाहेर पडले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी सुधारक काढला, ते आपल्याला माहीतच आहे. पण जोखीम सारखी असली की भांडण निदान मतांचं होतं. इथे ते तसं नव्हतं. पकडलं जाण्याची भीती दोघांना सारखी नव्हती, आणि पकडलं गेल्यावर गमावण्यासारखं काय आहे तेही सारखं नव्हतं.

दुसरा दणका फेब्रुवारी १७५२ चा. कोशात लिहिणाऱ्या प्राद नावाच्या तरुण धर्मगुरूच्या प्रबंधात पाखंड सापडलं म्हणून कोशाचे पहिले दोन्ही खंड दाबले गेले. त्या वेळी दालांबेर म्हणाला, मी सोडतो. मग समजूत काढल्यावर परत आला. पुस्तक व्यवहाराचा सरकारी प्रमुख मालझर्ब हा मनाने या लोकांच्या बाजूचा, इतका की दिदेरोच्या मुलीने लिहिलेल्या आठवणींनुसार जप्तीचा हुकूम त्यानेच काढला, आदल्या दिवशी दिदेरोला निरोपही त्यानेच धाडला, आणि एवढे कागद ठेवू कुठे म्हटल्यावर, माझ्याकडे पाठवा, तिथे कोणी शोधणार नाही, असंही त्यानेच सुचवलं. असा अधिकारी मिळणं हे संपादकाचं नशीब, दुसरं काय.

यानंतर १७५३ ते १७५७ दरवर्षी एक खंड. वर्गणीदार वाढत वाढत ४ हजारांच्या घरात. या काळात दोघांमधली वाटणी नव्याने लिहून काढायला भरपूर वेळ होता, कारण एक जण एकदा सोडून परत आलेला होता, म्हणजे पुन्हा सोडू शकतो हे उघड होतं. १७५४ मध्ये दिदेरोने स्वतःचा करार बदलून घेतला, दर खंडाला २,५०० लिव्हर. त्याच वर्षी दालांबेर फ्रेंच अकादमीवर निवडून आला आणि प्रशियाच्या फ्रेडरिकने त्याला पेन्शन सुरू केलं. म्हणजे एकाची मिळकत कोशाला बांधलेली, दुसऱ्याची कोशापासून सुटी होत चाललेली. हे मला या सगळ्या प्रकरणातलं सर्वात महत्त्वाचं वर्ष वाटतं आणि त्यावर कोणी फार बोलत नाही.

जिनिव्हा

१७५६ च्या उन्हाळ्यात दालांबेर जिनिव्हाजवळ व्हॉल्तेर या नामवंत लेखक-नाटककाराकडे राहायला गेला. तिथल्या पाद्र्यांना भेटला, गप्पा झाल्या, आणि परत येऊन त्याने जिनिव्हावर ऐसपैस नोंद लिहिली. त्यात दोन गोष्टी होत्या. एक, तिथले बरेच पाद्री येशूच्या देवपणावर वगैरे विश्वास ठेवत नाहीत, हे त्याने कौतुकाच्या सुरात लिहिलं. दोन, जिनिव्हात नाटकाला बंदी आहे ती उठवावी. दुसऱ्या मुद्द्यामागे व्हॉल्तेर असणार असा संशय तेव्हाच सगळ्यांना आला, त्याला नाटकांचा केवढा षोक होता ते माहीत असल्यामुळे.

आता वेळ बघा. जानेवारी १७५७ मध्ये राजा पंधराव्या लुईवर दामियाँ नावाच्या माणसाने चाकूने वार केला. एप्रिलमध्ये फर्मान निघालं की धर्माविरुद्ध किंवा राजसत्तेविरुद्ध लिहिणाऱ्या-छापणाऱ्याला मृत्युदंड. युद्ध चालू, त्यात प्रशिया शत्रू, आणि आपल्या एका संपादकाला प्रशियाच्या राजाचं पेन्शन! कोशवाल्यांची टर उडवणाऱ्या पुस्तिका निघायला लागलेल्या. अशा वेळी, दुसऱ्या देशातल्या पाद्र्यांच्या श्रद्धेबद्दल, स्वतःच्या हद्दीबाहेर जाऊन, नोंद. जिनिव्हाच्या पाद्र्यांनी रीतसर निषेध केला. पॅरिसच्या धर्मगुरूंना आयतं कोलीत मिळालं. आणि रूसो, जो जिनिव्हाचा नागरिक, त्याने १७५८ मध्ये दालांबेरच्या नावाने जाहीर पत्र छापून नाटकाच्या मुद्द्यावर झोडपलं, आणि त्याच पुस्तकाच्या सुरुवातीला दिदेरोशी संबंध तोडल्याचंही जवळजवळ जाहीर करून टाकलं. म्हणजे नोंद एका संपादकाची, मित्र गेला दुसऱ्याचा. (रूसो आणि दिदेरो यांचं आधीच बिनसलेलं होतं, सगळा दोष या नोंदीचा नाही.)

सोडणं आणि राहणं

जानेवारी १७५८ मध्ये दालांबेरने व्हॉल्तेरला कळवलं की कोशाचं काम पुढे चालेल की नाही माहीत नाही, पण माझ्याकडून चालणार नाही. कारणं त्याच्या बाजूने खरीच होती. बदनामी चाललेली, सरकार संरक्षण देत नाही, सेन्सॉर दिवसेंदिवस कडक. व्हॉल्तेर आधी म्हणाला टिकून राहा, मग म्हणाला सोडायचंच तर सगळ्यांनी मिळून सोडा, आणि दिदेरोकडे आपली पत्रं आणि नोंदी परत मागितल्या. दिदेरोने फेब्रुवारीत उत्तर दिलं ते तापलेल्या डोक्याचं पण नीट मांडलेलं आहे. काम सोडणं म्हणजे छळणाऱ्यांना हवं ते आपण होऊन करणं, आणि प्रकाशकांना दिलेल्या शब्दाचं काय, वर्गणीदारांचं काय, असा त्याचा सूर.

दालांबेर भित्रा होता असं मी म्हणणार नाही. ज्याने ती नोंद लिहिली तो भित्रा कसा असेल. माझा आक्षेप दुसरा आहे. त्याने सोडलं ते त्याला परवडत होतं म्हणून. दोन अकादम्या, पेन्शन, स्वतंत्र नाव. दिदेरोला सोडणं परवडत नव्हतं, घरी बायको-मुलगी, आणि कोश सोडला तर हातात काही नाही, फ्रेंच अकादमीने तर त्याला शेवटपर्यंत घेतलं नाही. म्हणून एकाचा निर्णय तत्त्वाचा दिसतो आणि दुसऱ्याचा चिकाटीचा. दोन्हीत पैशाचा भाग आहे हे सांगायला लोक लाजतात का कोण जाणे. आणि दालांबेर पूर्ण गेलाच नाही. संपादकपद सोडलं, गणिताच्या नोंदी पुढेही देत राहिला. म्हणजे शेवटी जे शीर्षकपानावर पहिल्या दिवशी छापलेलं होतं तेवढ्यावर तो आला, वाद नको असलेल्या त्याच्या हद्दीत.

१७५९ मध्ये व्हायचं ते झालं. फेब्रुवारीत पार्लमेंटने (तिथलं पार्लमेंट म्हणजे न्यायालय) कारवाई केली, मार्चमध्ये राजाच्या मंडळाने परवाना रद्द केला, सप्टेंबरमध्ये पोपने निषेध केला. मधे जुलैत प्रकाशकांना हुकूम झाला की प्रत्येक वर्गणीदाराला ७२ लिव्हर परत द्या. तेव्हा युक्ती निघाली, कोशाबरोबर द्यायच्या चित्रांच्या खंडांसाठी वेगळा परवाना काढायचा आणि ते ७२ लिव्हर त्यात वळते करायचे. चित्रं राजरोस, मजकूर चोरून. १७६२ पासून चित्रांचे खंड निघत राहिले आणि आतून मजकुराचं काम चालू, पोलिसांना माहीत असून.

या सहा-सात वर्षांत दिदेरोचा खरा जोडीदार म्हणजे लुई द झोकूर. त्याचं नाव सहसंपादक म्हणून कुठेच नाही. चांगल्या घराण्यातला, डॉक्टरी शिकलेला, लेखनिक पदरी ठेवून दिवसरात्र नोंदी लिहिणारा माणूस. कोशाच्या सुमारे ७२ हजार नोंदींपैकी १७ हजारांच्या आसपास याच्या एकट्याच्या. लेखनिकांचा पगार द्यायला त्याने पॅरिसमधलं घर विकलं, आणि ते विकत कोणी घेतलं तर ल ब्रताँने! त्याच्याच फुकट कामावर कमावलेल्या पैशातून. पुढचे खंड निघाले तेव्हा शीर्षकपानावर दिदेरोचं नाव नाही, फक्त तीन चांदण्या. आत मात्र गणिताच्या नोंदींखाली दालांबेरचं ओ आहे, झोकूरची अक्षरं आहेत. जो सोडून गेला त्याची सही आहे, जो राहिला त्याची नाही.

रात्रीचं संपादन

आता मूळ मुद्दा. नोव्हेंबर १७६४. शेवटचे दहा खंड जवळपास छापून झालेले, एकत्र बाहेर काढायची तयारी. दिदेरोने एस अक्षराने सुरू होणारी स्वतःची एक नोंद बघायला छापलेले फॉर्म (म्हणजे पानांचे छापील ताव) उघडले आणि नोंद तोडलेली. मग दुसरी बघितली, तीही तोडलेली. मग लक्षात आलं की अनेक खंडांत ठिकठिकाणी वाक्यं, परिच्छेद, पानंच्या पानं गेलेली आहेत आणि उरलेले तुकडे ओढूनताणून जोडलेले आहेत.

पद्धत अशी होती. दिदेरो प्रूफ तपासायचा, छापायला हरकत नाही म्हणून परत पाठवायचा. त्यानंतर रात्री ल ब्रताँ आणि त्याचा फोरमन दोघे बसून, ज्यात आपण अडकू असं वाटेल ते काढून टाकायचे. सकाळी ते मशीनवर. आणि मूळ हस्तलिखितं जाळलेली, म्हणजे परत घालू म्हटलं तरी घालता येऊ नये. बाकीच्या भागीदारांनाही पत्ता नाही. ल ब्रताँची भीती समजण्यासारखी आहे, फासावर जायची वेळ आली तर पहिला मुद्रक जाणार, छापखाना त्याचा, जप्ती त्याची. तो समोर बसून म्हणाला असता की ही वाक्यं मी छापणार नाही, तर भांडण झालं असतं, पण ते भांडण रास्त झालं असतं.

१२ नोव्हेंबरला दिदेरोने ल ब्रताँला लिहिलेलं पत्र उपलब्ध आहे. वाचताना अंगावर येतं. तुम्ही मला वर्षानुवर्षं फसवलंत, चांगल्या माणसांनी फुकट दिलेलं काम एखाद्या जनावरासारखं फाडलंत, अशा आशयाचं. पण करणार काय? जाहीर बोंब मारावी तर सगळं काम मुळात बेकायदा, बोंब मारली की सगळेच आत. थांबावं तर कोश जवळपास पूर्ण. त्याने काम पूर्ण केलं. १७६५-६६ मध्ये दहा खंड बाहेर पडले, शीर्षकपानावर खोटा पत्ता, आजच्या स्वित्झर्लंडमधल्या नशातेलचा. एप्रिल १७६६ मध्ये ल ब्रताँने हुकूम मोडून व्हर्सायला प्रती पाठवल्या म्हणून त्याला आठवडाभर बास्तीयच्या तुरुंगात ठेवलं. एवढी कापाकापी करून शेवटी आत गेला तो गेलाच.

काही लोक म्हणतात की दालांबेर राहिला असता तर हे झालं नसतं, दोन संपादक असते तर डोळे चार असते. मला पटत नाही. दालांबेर प्रुफांवर बसणारा माणूस नव्हता, प्रस्तावना लिहिणारा होता. आणि झोकूर तर होताच की रोज राबत, त्याच्या नोंदींनाही कात्री लागली, त्याला तरी कुठे कळलं. डोळे किती हा प्रश्नच नव्हता. संपादकाने पास केलेलं प्रूफ आणि मशीनवरून आलेला फॉर्म हे कोणी शेजारी ठेवून वाचत नव्हतं. मजकूर पुढे जात होता, मागे तपासायला येत नव्हता. एखादा फॉर्म जरी दर महिन्याला जुळवला असता तरी पहिल्या वर्षात पकडलं गेलं असतं.

आणि इथे दोघांच्या करारातली जुनी चूक पुन्हा दिसते. संपादकांनी प्रकाशकांशी करार केला तो पैशांचा, खंडांचा, मुदतीचा. मजकुरात शेवटचा बदल कोण करू शकतो याबद्दल एक ओळ कुठे कामात आलेली दिसत नाही. आजही हेच चालतं, फक्त छापखान्याऐवजी डिझायनरचा कॉम्प्युटर असतो. दोन संपादक आपसात शब्दाशब्दावर वाद घालतात, शेवटी एकमत होतं, फाईल जाते, आणि ऐनवेळी आलेल्या जाहिरातीला जागा करायला डीटीपीवाला लेखाच्या शेवटच्या चार ओळी उडवतो. त्याला वाटतं एका संपादकाने हो म्हटलंय, त्या संपादकाला वाटतं दुसऱ्याने बघितलंय. मी ज्या जोड्यांबरोबर काम केलं त्यांना मी एवढंच विचारते की प्रिंट ऑर्डर कोणाच्या नावाने जाणार, एकच नाव सांगा, आणि पहिली छापील प्रत कोण ओळीने वाचणार तेही सांगा. हे दुसरं नाव पहिल्याहून वेगळं असलेलं बरं. बहुतेक वेळा दोघे एकमेकांकडे बघतात.

नंतर

दोघांचं वैर झालं नाही. भेटीगाठी विरळ झाल्या. १७६९ मध्ये दिदेरोने एक संवाद लिहिला ज्यात दालांबेर झोपेत बडबडतो आणि त्याची मैत्रीण ज्युली द लेस्पिनास ते लिहून घेते. दालांबेर आणि ज्युली दोघेही संतापले, लिखाण जाळून टाक म्हणाले, आणि ते दिदेरोच्या हयातीत छापलं गेलं नाही. जुन्या सहसंपादकाचं पात्र करताना त्याला आधी विचारायला काय हरकत होती, असं मला नेहमी वाटतं, पण दिदेरो विचारणाऱ्यातला नव्हता.

वर्गणीदारांपैकी ल्युनो द ब्वाझेर्मां नावाच्या एकाने प्रकाशकांवर खटला भरला. जाहिरातीत आठ खंड मजकूर, दोन खंड चित्रं आणि २८० लिव्हर असं कबूल केलेलं, प्रत्यक्षात सतरा खंड मजकूर, चित्रांचे खंड वाढतच चाललेले आणि पैसे तिपटीहून जास्त घेतले, अशी त्याची तक्रार. हिशेबाने बघितलं तर त्याचं म्हणणं वावगं नव्हतं. या वादात दिदेरो कोणाच्या बाजूने उभा राहिला? प्रकाशकांच्या. ज्या ल ब्रताँला त्याने ते पत्र लिहिलं होतं त्याच्याही बाजूने. ल्युनो १७७८ मध्ये खटला हरला. मी याला दिदेरोचा मोठेपणा म्हणत नाही, कोश फसवणूक ठरला असता तर त्याचं पंचवीस वर्षांचं काम फसवणूक ठरलं असतं, तेवढं त्याला पुरेसं कारण होतं.

कापलेल्या मजकुराचं काय झालं ते विसाव्या शतकात कळलं. ल ब्रताँने हस्तलिखितं जाळली होती, पण कात्री लावलेल्या प्रुफांची तीनेकशे पानं एकत्र बांधून ठेवलेली होती, तो बाड सापडला. त्यामुळे काही नोंदींपुरतं तरी आज कळतं की दिदेरोने काय पास केलं होतं आणि रात्री काय गेलं. संशोधकांनी ती १९४७ मध्ये प्रसिद्ध केली. दिदेरोच्या पत्रावरून वाटतं त्या मानाने या पानांत सापडलेली कापाकापी कमी आहे, पण ज्या नोंदींत आहे तिथे नेमकी मतं गेलेली आहेत आणि माहिती शिल्लक आहे.